रुमालाखालचा भाव

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग स्वतःची थोडी लाज वाटते.

मुरुमला फौजदार म्हणून रुजू होऊन मला महिनाही झाला नव्हता. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं लोटली होती, तरी लोक मला जुन्या निजामी हुद्द्यानं 'अमीनसाहेब'च म्हणत. एके सकाळी एका शेतकऱ्याचा अर्ज आला. गावातल्या एका पुढाऱ्यांच्या पत्नी डाळीची गिरणी चालवत. या बाईंनी रुमालाखाली बोटं दाबून तुरीचा एक भाव कबूल केला आणि माल तोलल्यावर भलताच लावला, अशी तक्रार होती. ती खरी ठरली तर बाईंचा खरेदीचा परवाना जाणार होता आणि गिरणीला कुलूप लागणार होतं.

मी शहाणा सरळ पुढाऱ्यांकडे गेलो. ते खो खो हसले.

"अहो, भाषण मी करतो, भाव ती करते. त्यातलं मला काय कळतंय? तिलाच विचारा की!"

मग बाजारात गेलो. व्यापारी शेतकऱ्याचा हात रुमालाखाली धरून, बोटं दाबून भाव ठरवत होते. शेजारच्यालाही पत्ता लागत नव्हता. बाई मात्र पोत्यांच्या थप्पीजवळ उभ्या राहून खड्या आवाजात भाव सांगत होत्या. तो ऐकून शेतकरी बाकीच्या व्यापाऱ्यांशी हुज्जत घालत होते.

"तुम्ही रुमाल वापरत नाही?" मी विचारलं.

"अगं बाई! परक्या गड्याचा हात धरून बसू व्हय मी, अमीनसाहेब? पहिल्या दिवसापासून तोंडानंच बोलते. लई जणांच्या पोटात दुखतंय त्यानं."

मी ठाण्यात येऊन अर्जदाराला बोलावलं. आमच्या वयस्कर जमादारांचा रुमाल घेतला आणि त्याखाली माझा हात पुढं केला.

"बाईंनी भाव कसा दिला, दाखव."

गड्यानं झटक्यात माझी बोटं दाबली.

"ठीक. म्हणजे बाईंचा हात तू हातात घेतलास. जमादार, घ्या जबाबात. उद्या त्यांच्या मालकांना वाचून दाखवू. याच्या घरीही दाखवू."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"न्हाय, न्हाय साहेब! म्या आईवानी मानतो त्यास्नी. बोट बी लावलं न्हाय!"

"या अल्ला!" म्हणत जमादार पोट धरून हसायला लागले. पुढचं सगळं गडी आपणहून बोलला. बाईंच्या उघड भावामुळं दोन व्यापाऱ्यांची पंचाईत झाली होती. त्यांनीच त्याला पढवून अर्जावर अंगठा घेतला होता.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "लेकी-सुना असलेली बाई मी. माझ्या नावाला असलं लावावं?"

"खोट्या अर्जाबद्दल त्या गड्यावर खटला भरू?" मी विचारलं.

"नको. ज्या बाजारात माझं नाव घालवलं, तिथंच मोठ्यानं बोलू द्या त्याला."

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो पोत्यावर उभा राहिला आणि हात जोडून सगळं बोलला. दोघा व्यापाऱ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, आता बाई त्याची खरडपट्टी काढणार. त्या म्हणाल्या, "उतर आता खाली. तूर आणलीस का?" आणि मूठभर दाणे तळहातावर घेऊन त्यांनी त्याच्या मालाचा भाव पुकारला. इतरांच्या तुरीला होता तोच.

नोकरीत पुढं पुष्कळ अर्ज हाताखालून गेले. अर्जातली बाई कोणाची बायको, हे मी पुन्हा कधी आधी विचारलं नाही. ती काय काम करते आणि कसं करते, तेवढं जाऊन बघत आलो.