मृत्यू दोन पावलांवर

एकदाही ट्रेकला जायच्या आधीच माझ्याकडे ट्रेकचे इतके किस्से साठले होते की विचारू नका! आमच्या कोपरच्या बिल्डिंगमधला ग्रुप दर महिन्याला डोंगरावर जातो. लीडर नेनेकाका त्याचा वृत्तांत लिहितात आणि माझं अक्षर बरं म्हणून नोटीस बोर्डासाठी तो मी फेअर करते. दादाही ट्रेकला गेलेला असतो. मी लिहीत असताना तो शेजारी बसून खरं काय झालं ते सांगतो.

*

पहिलाच वृत्तांत. ‘घनदाट अरण्यात आम्ही दोन तास दिशाहीन भटकलो.’

"दादा, भीती नाही वाटली?"

"कसली? खडवली स्टेशनच्या उलट्या बाजूला उतरलेलो. अरण्य म्हणजे चार बाभळी आणि एक म्हैस!"

*

काकांची एक पद्धत हळूहळू माझ्या लक्षात आली. पराक्रम एकट्याचा, घोटाळा सगळ्यांचा. ‘चूल मी पेटवली. खिचडी मी शिजवली. मीठ विसरण्याची चूक मात्र आपणा सर्वांकडून झाली.’

तो वृत्तांत बोर्डावर लागला त्या दिवशी नेनेकाकू जिन्यात सांगत होत्या, "मिठाची पुडी आमच्याच ओट्यावर राहिलेली!"

*

मग आला कडा. ‘अक्राळविक्राळ कड्यावर बोटांच्या जोरावर लटकत असताना स्थानिकांचे मोलाचे सहकार्य लाभले.’

"सहकार्य म्हणजे काय केलं त्यांनी?"

"एक आजी डोक्यावर मोळी घेऊन त्याच कड्यावरून उतरत होती. काकांना म्हणाली, ‘बाबा, वाट सोड. मागून ढोरं यायचीत.’"

*

इथवर मला नुसती गंमत वाटायची. पण एकदा काकांनी लिहिलं, ‘मृत्यू दोन पावलांवर उभा होता!’ मी ते लाल शाईने, वळणदार अक्षरात काढलं. नेमका त्याच आठवड्यात मुलींचा पहिला ट्रेक ठरला, तोही त्याच डोंगरावर. मला फार जायचं होतं.

आईने भाजीची पिशवी हातात धरून अख्खा बोर्ड वाचला आणि वर येऊन म्हणाली, "तू जायचं नाहीस."

माझंच अक्षर मला नडलं!

मी मोठ्यांशी फारशी बोलत नाही. पण त्या संध्याकाळी काकांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काका, जरा कमी भयानक लिहाल का?"

"अगं, वाचणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे!"

"आईचा अडकलाय."

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि कागद मागितला.

*

दुसऱ्या दिवशी बोर्डावर मुलींच्या ट्रेकची नोटीस लागली. ‘वाट बागेतल्यासारखी. चढ नावापुरता. घरातल्या वडीलधाऱ्या महिलाही गप्पा मारत सहज जातील.’

आईने ती दोनदा वाचली. म्हणाली, "मग मीही येते."

आणि आली! साडी खोचून, रबरी चपला घालून. अर्ध्या वाटेवर मी तिला "हळू गं" म्हणत होते. आम्ही माथ्यावर पोचलो, डबे उघडले, माझी एक पोळी खाऊन झाली, तेव्हा कुठे काकांची टोपी दिसली. ते आले आणि दगडावर बसलेच.

आईने त्यांना पाणी दिलं. त्यांचं पिऊन होईपर्यंत थांबली. मग अगदी साधेपणाने विचारलं, "भावजी, तो मृत्यू उभा होता, तो कुठे हो?"

काकांना बोलायला दम नव्हता. त्यांनी पलीकडच्या डोंगराकडे बोट दाखवलं.