चौकशी आप्पांचं पत्रक

चौकशी आप्पांना रस्ता विचारला की ते रस्ता सांगत नसत. उलट आपणच विचारायचे, "गुडघे कसे हाईत? सामान किती? भूक कवा लागती?" तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत त्यांच्या तोंडून गाडीचं नाव निघत नसे. शिरूरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांचं आयुष्य गेलं, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव मी श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर वाचलं.

लोक त्यांच्यावर चिडायचे. एकदा डोक्यावर बोचकं घेतलेली म्हातारी ओरडली, "आप्पा, गाडी सुटली की माझी!" आप्पा म्हणाले, "सुटू दे. ती तुझी न्हवंच. तिची पायरी उंच हाय आन् बसाय जागा न्हाई. मागची घे." म्हातारीने शिव्या दिल्या आणि मागच्या गाडीने खिडकीशी बसून गेली. शिव्यांचं त्यांना काही वाटत नसे, कौतुकाचंही नाही.

मी तेव्हा इथल्या कॉलेजात झाडलोट करायची, चहा द्यायची. दर जानेवारीत कॉलेजात परिषद भरायची. लांबलांबचे प्राध्यापक येऊन आपापले निबंध वाचायचे. कसं यावं, कुठं राहावं याचं पत्रक त्यांना आधी जायचं. पहिल्या वर्षी ते परिषदेच्या सरांनी मोबाइलवरचा नकाशा बघून केलं. 'दौंडला उतरावे, तेथून शिरूर जवळ आहे.' नकाशात ते बोटभरच दिसतं. पण दौंडला स्टेशनं दोन. काही गाड्या मोठ्या स्टेशनात येतच नाहीत, बाहेरच्या कॉर्ड लाईनला थांबतात. चार प्राध्यापक तिथं उतरून शिरूरच्या एसटीची वाट बघत राहिले. शेवटी जीप करून आले, तीही उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगत. पोचले तेव्हा पहिला दिवस संपत आला होता.

पुढच्या वर्षी पत्रकाला आप्पांना बोलावलं. तोवर ते रिटायर झाले होते. त्यांनी बसल्या जागी एक अक्षर लिहिलं नाही. आधी पुण्याहून आले, मग दौंडहून, मग नगरहून. प्रत्येक वेळी स्वतः गाडीत बसून, मांडीवर वही घेऊन. मग लिहिलं: 'वाघोलीत गाडी उभी राहील. ती बिघडलेली नाही, गर्दी आहे. उतरू नये.' 'दौंडला कोणत्या स्टेशनात उतरलो ते विचारून घ्यावे. लाजू नये.' 'दौंडहून येणाऱ्यांनी उसाच्या हंगामात तासभर जादा धरावा. हॉर्न दिल्याने उसाचा ट्रॅक्टर पळत नाही.'

सरांनी ते जरा शोभेल अशा भाषेत करू का म्हणून विचारलं. आप्पा म्हणाले, "भाषा तुमची लई चांगली हाय सर. पर तिनं पाव्हणा पोचत न्हाई."

राहण्याची अडचण मोठी होती. लग्नसराईमुळे लॉज भरलेले. आप्पांनी गावातली घरं शोधायला घेतली. त्यांचा नियम असा, की ज्या घरात आपण आंघोळ केली नाही, जेवलो नाही आणि तासभर पाठ टेकली नाही, ते घर पत्रकात लिहायचं नाही. एका दुपारी खांद्यावर टॉवेल टाकून ते माझ्या दारात आले.

"आक्का, वरची खोली दाखव."

"कशाला?"

"पाव्हण्याला."

"इथं कुठला पाव्हणा येतोय, आप्पा?"

"त्यो माझा धंदा. तुझा धंदा चादर धुवायचा."

आम्ही बौद्ध. आमची वस्ती नदीच्या अंगाला. आप्पा निमोण्याच्या बागायतदार मराठ्यांच्या घरातले. त्यांच्या भावकीतलं कुणी आमच्यात पाणी प्यायल्याचं मला आठवत नव्हतं. हे माझ्या मोरीत आंघोळ करून, दोन भाकरी खाऊन मुलाच्या खाटेवर आडवे झाले. मुलगा चाकणला कंपनीत, खोली रिकामीच असायची. शेजारीण दारातून डोकावली. "पाटील झोपल्यात व्हय तुमच्यात?" मी म्हटलं, "झोपल्यात. घोरत्यातबी."

उठल्यावर त्यांनी वहीत लिहून मला वाचून दाखवलं. 'खोली हवेशीर. संडास घरातच. गरम पाणी सकाळी सहाला, नंतर नाही. जेवण चांगले. बाई फटकळ, मनावर घेऊ नये.'

"शेवटचं काढा," मी म्हटलं.

"खोटं हाय का?"

मी त्यांचं ताट घासायला घेतलं.

आमच्या वस्तीतली तीन घरं त्यांनी लिहिली. सरांच्या ऑफिसात पत्रक आलं तेव्हा मी चहा ठेवत होते. सरांनी माझ्याकडे न बघता त्या तीन घरांवरून पेन्सिल ओढली. "आप्पा, एवढी राहू द्या. लांबची माणसं येणार, कुणाला चालतं, कुणाला नाही. उगाच अवघडल्यासारखं व्हायचं."

आप्पांनी कप खाली ठेवला. "कुणाला चालत न्हाई त्याचं नाव सांगा. त्याला मी स्टँडवरनंच परतीची गाडी दावतो."

"तसं नाही हो..."

"मग कसं? ही तीन काढायची आसतील तर माझंबी घर काढा. आन् रस्ताबी तुम्हीच लिवा."

पत्रक त्याच दिवशी जायचं होतं. सरांनी खोडरबर घेतलं.

घर पाहुण्यांनी निवडायचं होतं. आठवडा गेला, आमची तिन्ही घरं कुणी घेतली नाहीत. मला काही वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी चादर दोनदा धुतली आणि स्वतःवरच चिडले. आप्पांना म्हटलं, "बघा, सर बरोबर होते." ते म्हणाले, "गाडी लागली न्हाई म्हंजी रद्द झाली असं कुणी सांगितलं तुला?"

मग धारवाडच्या एका प्राध्यापक बाईंचा फोन आला. हसत म्हणाल्या, मला त्या फटकळ बाईंकडे ठेवा. त्या तीन दिवस राहिल्या. दुसऱ्या दिवशी सातला गरम पाणी मागितलं, मी दिलं नाही. त्या पुढची दोन वर्षंही माझ्याकडेच उतरल्या. बाकीची दोन घरंही मग भरायला लागली. आप्पांनी कधी 'बघितलंस?' म्हणून दाखवलं नाही. मी असते तर दाखवलं असतं.

गेल्या आषाढात आप्पा गेले. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी संपलं. मला रडू येत नाही, तेव्हाही आलं नाही. दशक्रियेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. घर माणसांनी भरलेलं. त्यांच्या सुनेने मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं.

"आक्का, निमोण्याचे दोन चुलत सासरे आलेत. इथं पाठ टेकायला जागा न्हाई. तुमच्याकडं पाठवू का?"

"त्यांना विचारलंस?"

"सांगितलंय. चपला घालून तयार बसल्यात."

ते दोघं म्हातारे माझ्यामागून वस्तीत आले. ओट्यावर बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. पाय धुऊन ते जेवायला बसले. मी पिठलं-भाकरी केली होती. थोरला मान खाली घालून खात होता. मग त्याने ताट पुढं केलं आणि म्हणाला, "पिठलं वाढ गं अजून."