लहानपणीच बरी झालेली

माझी धाकटी बहीण जन्मली तेव्हा निळी होती. मी सात वर्षांची होते. आत्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाळाला मुंबईला न्यायचंय, रडायचं न्हाय."

तिथल्या डॉक्टरांनी बाबांना चित्र काढून समजावलं होतं. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्या एकमेकींच्या जागी लागल्या होत्या. त्या तशाच ठेवून त्यांनी ऑपरेशनने आतल्या आत रक्ताची वाट वळवली. म्हणजे साऱ्या अंगाला रक्त पोचवायचं डाव्या कप्प्याचं काम उजव्याच्या गळ्यात पडलं. तो कप्पा त्यासाठी घडलेला नसतो. पुढे कधीतरी थकेल, म्हणून दरवर्षी दाखवायला आणा, असंही त्यांनी बजावलं होतं.

बाबा नेतही होते. आमच्या टेमघरहून पहाटे निघायचं, दुपारपर्यंत रांगेत बसायचं, येताना तिला आईस्क्रीम. पण ती नववीत गेली, शाळेच्या धावण्यात दुसरी आली, आणि बाबा म्हणाले, "पोर घोड्यासारखी पळते. डागदरकडं कशाला न्यायची?" खरं कारण आईला ठाऊक होतं. नातेवाइकांत 'हृदयाची पोर' असं कुणी म्हटलं की बाबांचा चेहरा उतरायचा. त्यानंतर ऑपरेशनचा व्रण दिसू नये म्हणून बहिणीचे ब्लाऊज बंद गळ्याचे शिवले जाऊ लागले.

अंबाडीजवळच्या एका गावातून स्थळ आलं. मुलगा गोदामात सुपरवायझर, शांत. छातीवरच्या व्रणाबद्दल त्याला सांगितलं, "लहानपणी बारीकसं भोक होतं, बुजवलं." लग्न झालं, वर्षाने ती गरोदर राहिली. प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंनी व्रण पाहून हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून या म्हटलं. आई म्हणाली, "जातो." कुणी गेलं नाही. मुलगी सुखरूप झाली, आणि आपलंच खरं ठरलं असं घरात सगळ्यांना वाटलं.

भाची चार वर्षांची झाली तेव्हा बहिणीला जिना चढताना दम लागू लागला. रक्त कमी आहे म्हणून गोळ्या झाल्या, मग दमा म्हणून पंप झाला. पावलं सुजायला लागली. दिवाळीची खरेदी करायला आम्ही धामणकर नाक्यावर गेलो होतो. ती माझा हात सोडून एका दुकानाच्या पायरीवर बसली. ओठ काळेनिळे झाले होते. "ताई, श्वास खालपर्यंत जातच न्हाय गं," एवढंच बोलली.

मुंबईला तिला तपासणाऱ्या डॉक्टर माझ्याहून लहान असतील. त्यांनी विचारलं, "शेवटचं कधी दाखवलं होतं?"

आई पदराशी चाळा करत राहिली. बाबा खिडकीबाहेर बघत होते. शेवटी बहीणच म्हणाली, "आठवीत."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं की तो कप्पा पार दमलाय, दुसरं हृदय बसवावं लागेल. पण इतकी वर्षं रक्त मागे तुंबून फुफ्फुसांतला दाब फार वाढलाय. या दाबापुढे नवं हृदय टिकणार नाही. म्हणून आधी त्या थकलेल्या कप्प्याला एक यांत्रिक पंप जोडायचा. पंपाने काही महिन्यांत दाब उतरला, तर हृदयासाठी यादीत नाव घालता येईल.

"आणि आधी आलो असतो तर?" मेहुण्यांनी विचारलं.

"आधी कळलं असतं. औषधं सुरू झाली असती. बाळंतपणात काळजी घेतली असती," त्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर मेहुणे बाबांच्या शेजारी बसले. आवाज चढवला नाही. "मामा, सांगायचं होतं एकदा. मी तरी हिच्याशीच लग्न केलं असतं. फक्त दरसाल घेऊन आलो असतो."



वाडा रस्त्याकडची आमची जमीन विकली गेली, पंप बसला. आता तिच्या पोटातून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या छोट्या यंत्राला जोडलेली असते आणि ते यंत्र दोन बॅटऱ्यांना. बॅटऱ्या तिच्या खांद्यावरच्या बॅगेत असतात. झोपताना भिंतीतल्या विजेवर. पंपातून रक्त एकसारखं वाहतं, त्यामुळे मनगटाला नाडी लागत नाही. टेमघरच्या दवाखान्यातली नवी नर्स घाबरून ओरडलीच, "डॉक्टर, इनका पल्स नहीं है!" बहीण हसून म्हणाली, "ढूंढो मत, मिलेगा नहीं."

तेव्हापासून बॅटऱ्यांचं काम बाबांचं. सकाळी अंघोळीआधी चार्जर बघतात, वीज गेली की शेजारच्या जनरेटरवाल्याला आधी फोन लावतात. त्यांना दुसरं कुणी ते केलेलं चालत नाही.

पंपाने तिला उभं केलं, हे खरं. ती जेवू लागली, नाक्यापर्यंत चालू लागली. भाची तिच्या पोटाला कान लावून आतली घरघर ऐकायची. मग दाब मोजायची वेळ आली. दाब उतरला होता, पण पुरेसा नाही. पुढच्या वेळीही तेच. "म्हणजे आता हेच?" बहिणीने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "सध्या हेच."

घरी आल्यावर तिने भाकरी मोडली आणि बाबांना विचारलं, "तुम्हाला लोकांची भीती वाटली का, बाबा?"

"तुझीच काळजी होती, बाय. तुला कोन करून घेनार न्हाय, असं वाटलं."

"न्हाय तर न्हाय. राहिले असते हितंच."

बाबा ताटावरून उठले. तिने त्यांना हाक मारली नाही, मीही नाही. त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही. त्यांनी मुलीला वाचवायलाच मुंबईला नेलं होतं, आणि तिचा संसार व्हावा म्हणूनच पुढे न्यायचं थांबवलं. दोन्ही त्याच माणसाने केलं, हे मला अजून नीट जुळवता येत नाही.

संसार मात्र असा झाला. मेहुण्यांच्या गावात वीज तासन्‌तास जाते, म्हणून बहीण आणि भाची टेमघरला राहतात. त्यांची म्हातारी आई एकटी, म्हणून मेहुणे तिकडे. रविवारी ते मोटारसायकलवर येतात. वायरीची जखम स्वतः पुसतात, पट्टी बदलतात, भाचीचा अभ्यास घेतात. गेल्या पावसाळ्यात ती जखम दोनदा चिघळली, तेव्हा दोन्ही वेळा रजा टाकून आले.

संध्याकाळी ते निघताना भाची दर वेळेसारखं विचारते, "आई नि मी कधी येणार आपल्या घरी?" ते तिचे केस सारखे करतात. बहीण बॅग खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत जाते. गाडी वळेपर्यंत उभी राहते. मग आत येऊन उद्याच्या डब्यासाठी भाजी निवडायला बसते.