डाव्या बुटाचा तळ

खोडाळ्याहून मी ठाण्याला कामाला गेले ती एका मॉलमधल्या बोलिंगच्या काउंटरवर. आलेल्यांना मापाचे बूट द्यायचे, परत आले की पुसून ठेवायचे. सकाळी गिऱ्हाईक नसताना मॅनेजर आम्हाला खेळू द्यायचे. समोरच्या पिना पाडायला घरंगळवायचा तो बॉल मला कधी जड वाटला नाही. डोक्यावरून हंडे वाहिलेले हात होते. अडचण पायाची होती. शेवटच्या पावलाला डावा पाय लाकडी फरशीवरून घसरत नेऊन रेषेच्या अलीकडे थांबवायचा असतो. माझा एक तर अडकायचा, नाहीतर रेषेपार जायचा.

पुढे खेळ जमू लागला तसे स्वतःचे बूट घेतले. उजव्याला रबराचा तळ, जोर घ्यायला. डाव्याचा तळ बदलता येणारा, गुळगुळीत किंवा खरखरीत. राज्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली आणि नेमकी तेव्हाच मी भाताच्या आवणीला घरी आले. दिवसभर चिखलात रोपं लावायची आणि संध्याकाळी ओटीवरच्या नव्या फरशीवर खडूची रेष मारून घसरत राहायचं. आई दारात बसून हसायची.

"लोकं घसरू नये म्हणून जपतात, आन् तू मुद्दाम घसरतेस?"

"घसरायचंच आहे आये, पण माझ्या मर्जीनं."

स्पर्धेला मी तिला सोबत नेलं. सरावाचा पहिलाच बॉल टाकला आणि पाय सरळ रेषेपार! तिथलं लाकूड आमच्या मॉलमधल्यापेक्षा फारच निसरडं होतं.

सोबत आलेले मॅनेजर म्हणाले, "जरा हळू चाल."

पण हळू चालले असते तर बॉलचा जोरच गेला असता. "नाही सर, चाल तीच ठेवते," असं म्हणून मी खाली बसले, गुळगुळीत तळ ओढून काढला आणि खरखरीत दाबून बसवला. पुढच्या बॉलला पाय थोडाच घसरला आणि रेषेच्या अलीकडे थांबला. समोर सगळ्या पिना आडव्या. त्या दिवशी मी तिसरी आले. पदक गळ्यात पडलं तेव्हा माझी मान आपोआप ताठ झाली.

पुढच्या बाजारात आईनं भाजीवालीला सगळं सांगितलं. तेवढ्यानं भागेना, म्हणून पिशवी खाली ठेवून, लुगडं सावरून, भर रस्त्यात डावा पाय पुढं सरकवून दाखवला.

"अशी जाते माझी पोर," ती म्हणाली, "आन् अशी थांबते."