चौदा नंबरची रेषा

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. माझ्या आत्तेसासूबाईंना अमावस्येला कोणीतरी दिसायचं, तेव्हा मी त्यांचं बीपी तपासायला धावायचे! आता मीच हे लिहितेय म्हटल्यावर नात हसणार. हसू दे.

पनवेलजवळच्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. भट्टीच्या भिंतीत आम्ही केसाएवढ्या काचेच्या तारांचे सेन्सर बसवले होते — साधी वायर जिथे जळून जाते, तिथे ही तार अर्ध्या अंशाचा फरकही सांगते. तेव्हाची मी म्हणजे... पांढरं हेल्मेट, खिशाला चार पेनं, आणि अक्कल खांदा कॉलनीत घरी ठेवलेली.

तपासायची पद्धत सोपी. थंड भट्टीपाशी बामादादा, विचुंबे गावचे जुने टेक्निशियन, एकेक तार तीनदा चिमटीत धरायचे. बोटांच्या उबेनं कंट्रोल रूममध्ये माझ्या पडद्यावर तिची रेषा तीनदा वर जायची. वॉकीटॉकीवर ते विचारायचे, "दिसतंय का मॅडम?" मी "दिसतंय" म्हणायचे आणि कागदावर टिक करायचे.

चौदा नंबर आला तेव्हा जेवायची वेळ टळली होती. न बघताच म्हटलं, "दिसतंय."

"बगलात ना? का डबा उघडलाय?"

"बघितलं हो, दादा!"

"मंग ठीक हाय."

तीन आठवड्यांनी भिंत नेमकी तिथेच तापून फुटली. पडद्यावर चौदाची रेषा सपाट. बामादादा समोरून चालले होते... आठ दिवस जगले. चौकशीत ठरलं, तार आधी चांगली होती, नंतर त्यांच्याच हातून तुटली असावी. माझी टिक होती ना! मी गप्प बसले.

ती भट्टी बंद झाली, तिच्या तारा कापून टाकल्या; पडदा दुसऱ्या भट्टीसाठी चालूच होता. दोनेक महिन्यांनी, भर दुपारी, मी पडद्यासमोर डबा उघडला आणि चौदाची रेषा उठली. तीस... छत्तीस. खाली. पुन्हा छत्तीस. खाली. मागची पेटी उघडून बघितली — चौदाची तार जिथे जोडायची तो पोर्ट रिकामा, वर टोपण. वळून बघते तर रेषा तिसऱ्यांदा वर गेलेली. ती खाली येईचना.

मी वॉकीटॉकी उचलला. "दादा... त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं."

रेषा सावकाश खाली आली.

त्याच संध्याकाळी साहेबांना सगळं लिहून दिलं आणि विचुंब्याला बामादादांच्या बायकोकडे गेले. वहिनींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्यांना ठावं व्हतं. त्याच दिशी घरी येऊन बोलले, ‘मॅडमनी बगलं नाय. पण भुकेली व्हती, जेवू दे बोललो.’"

त्या रेषेचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. नात म्हणते, "आजी, सॉफ्टवेअरचा घोळ असेल." असेलही बाई. पण टोपण लावलेल्या पोर्टाला माणसाच्या बोटांची ऊब कुठून आली, हे तिलाही सांगता येत नाही.