काकांच्या कपाशीत समुद्राची चाचणी

हसायचं तर आत्ताच हसून घ्या आणि चहाचा कप खाली ठेवा. मी जे करून बसलोय ते ऐकताना ठसका लागतो.

मी समुद्राखालच्या तेलसाठ्यांवर नजर ठेवणाऱ्या कंपनीत आहे. साठा किती उपसला हे बघायला दरवेळी मोठं जहाज न्यायचं म्हणजे पैशाचा चुराडा! माझी योजना स्वस्तातली. समुद्रतळाशी ऐकणारे डबे कायमचे पुरायचे, अधूनमधून वरून धक्का द्यायचा आणि जुना-नवा प्रतिध्वनी ताडून बघायचा. फरक दिसला, की खाली काहीतरी बदललं. अट एकच, डबे जागचे हलता कामा नयेत.

साहेब म्हणाले, आधी जमिनीवर करून दाखवा, तरच समुद्रात जाऊ. फुकटात जमीन कोण देणार? आमचे राळेगावचे काका! त्यांच्या कपाशीत डबे पुरले, बांधावरच्या लोखंडी पत्र्यावर घण हाणला, नोंद घेतली. काकांना बजावलं, डबे सांभाळा.

पोळ्यानंतर परत गेलो. चिखलात कोण उतरतो? बांधावरूनच घण मारला, लॅपटॉप उघडला, तर चित्रच बदललेलं! मी लगेच साहेबांना फोन लावला. राळेगावच्या पोटात प्रचंड हालचाल आहे, काय ते कळायचंय, पण शोध माझा. दुसऱ्या दिवशी साहेब नागपूरहून गाडी करून हजर.

मी ऐटीत पहिला डबा उकरला. चिखल पुसला, तर डब्यावर हळदकुंकू.

"काका, हे काय?"

"डवरणी होती ना बाप्पा, तण काढाले बैलाचं औत फिरवलं. बैलाच्या पायात आले असते, म्हून काढले. पोळ्याले अवजारासंगं पुजले अन् पुन्हा गाडले." काका खुशीत होते. "तुनं वाकडेतिकडे पुरलते, मले पाहवलं नाही. आता पाह्य, कसे एका ओळीत लावले. काल तू चिखलात उतरलाच नाही, नाहीतं तवाच दाखवले असते."

गेली योजना, आणि बहुतेक नोकरीही.

साहेब मात्र लॅपटॉपवर वाकून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, डबे हलल्याचं यंत्रांनी चोख पकडलंय, समुद्रात डवरणी होत नाही, योजना मंजूर.

माझी छाती पुन्हा फुगली. विचारलं, "मग मी समुद्रावर कधी निघू?"

"तुम्ही? ज्याला वावरातल्या चिखलात उतरायचा कंटाळा, त्याला मी समुद्रात कशाला पाठवू?"