करोडगिरीच्या तीन कमानी

मला परभणीतल्या करोडगिरीच्या नाक्याचा फोटो हवा होता, आणि तोही रिकाम्या नाक्याचा. निजामाच्या काळात इथे कापसाच्या गाड्या अडवून जकात घेत, तिला करोडगिरी म्हणत. पुढे त्या तीन दगडी कमानींत रेशनचं धान्य आलं, काही दिवस बालवाडी भरली, आणि आता कित्येक वर्षं एक गादीवाले आणि त्यांची बायको तिथे कापूस पिंजून गाद्या भरतात. कडेच्या कमानींत गाद्यांच्या गुंडाळ्या, मधल्या कमानीत पिंजायचं मशीन. दगडावरची नक्षी बघायला जावं तर दिसतात लाल पट्ट्यांच्या खोळी. तीन हिवाळे मी पूर्णेहून सकाळच्या गाडीने येऊन हात हलवत परत गेले होते.

त्या रविवारी ठरवूनच आले, आज काहीही होवो. ऊन नेमकं कमानींवर आलं होतं आणि मला काय करू नि काय नको असं झालेलं. स्टँड उभा केला. फोटो अगदी मधोमध यावा म्हणून टेप काढून या खांबापासून त्या खांबापर्यंत मोजलं, रस्त्यावर खडूने फुली मारली, आकडे वहीत टिपले. मला असलं काटेकोर काम फार आवडतं. घरचे त्याला खूळ म्हणतात.

मान वर केली तर गादीवाले गुंडाळ्या उचलून मागच्या बोळात नेत होते. एक गेली, दुसरी गेली. मग दोघांनी मिळून मशीनही ओढत नेलं. बाईंनी झाडूसुद्धा मारला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, ते हेच. का आवरताहेत हे विचारायला हवं होतं, पण तेवढ्यात ऊन सरकलं तर? मी उभ्याने, वाकून, शेवटी रस्त्यावर चक्क पालथी पडून फोटो काढले. काळा दगड, कमानीवरच्या कमळाची पाकळी न् पाकळी, आणि आत नुसती सावली. मला नाचावंसं वाटत होतं.

कपडे झटकत उठले तेव्हा गादीवाले समोर उभे होते. हातात पिशवीत जपून ठेवलेले कागद, वर लाइटीची बिलं.

"मॅडम, झालं का मोजून?"

"हो, झालं की."

"मग कवा पाडणार हाय? लगनसराई तरी होऊ द्या. आमी आपल्या हातानंच सामान काढलं. जेसीबी आला तं मशीन मोडून टाकतेत."

टेप अजून माझ्या हातातच होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कुठल्याच ऑफिसची नाही, हौशी बाई आहे, हे दोनदा सांगितलं. पटेना, म्हणून कॅमेऱ्यातले फोटो दाखवले.

बाईंनी पदराला हात पुसून कॅमेरा घेतला. "लय छान आलाय," म्हणाल्या. मग एकेक फोटो पुढे सरकवला. "पर ह्यात आमी कुठं हाओत? हा फोटू कुणी बघितला तं म्हणंल, जागा तं रिकामीच हाय."

एखादा ठेवून द्यावा, कुणाला कळतंय, असा चोरटा विचार आला, खोटं कशाला सांगू. पण बाई शेजारीच उभ्या होत्या. मी त्यांच्यासमोर एकेक फोटो पुसला. पालथी पडून काढलेला सगळ्यात शेवटी.

मग आम्ही तिघांनी मिळून सामान परत लावलं. मशीन सुरू झालं आणि कापसाची भुरभुर उन्हात येऊन तरंगायला लागली, कमळावर बसली, माझ्या केसांत, चष्म्यावर. जिथे कापसाला एक पाऊल पुढे टाकू देत नसत, तिथूनच तो कुणालाही न विचारता रस्त्यावर चालला होता. माझा जीव पुन्हा सकाळसारखा उड्या मारायला लागला. हे मी तीन वर्षं आडवं येतंय म्हणून बघत होते.

"थांबा, तुम्हा दोघांचा काढते," मी म्हणाले.

गादीवाल्यांनी टोपी नीट केली. "फोटूवर तारीख येती का?"

"येते."

"मग टाका. आन् जरा इकडून घ्या, लाइटीचं मीटर दिसू द्या."

मी डावीकडे सरकले. मधली कमान अर्धी कापली गेली.

"आलं का मीटर?"

"आलं."

"मग काढा."